मामांना शून्य नको

वाइतोआ, नुकुमेआ बेट
२ फेब्रुवारी १९९९

प्रिय सेले,

आधी बूड टेकव. हे पत्र उभ्याने वाचायचं नाही. तुझ्या त्या वृद्धाश्रमात एखाद्या आजोबांना आंघोळ घालत असशील तर त्यांचं अंग कोरडं करून घे, मग वाच.

मी आपल्या बेटाच्या जागेवर निवडणुकीला उभी राहतेय. मामांच्या विरुद्ध!

हो, हो, आपल्याच फालेतोई मामांच्या. आईच्या चुलतभावाच्या. पस्तीस वर्षं पंतप्रधान असलेल्या, आणि तुझ्या लग्नात सर्वांत मोठं डुक्कर पाठवणाऱ्या मामांच्या. परवा आपली सगळी भावकी जमली आणि दोन दिवस भांडून बाबांचा मान माझ्या नावावर केला. मान असल्याशिवाय अर्ज भरता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. आता मी नुसती शाळेतली बाई नाही, मानकरी आहे. हसू नकोस.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. चौथीच्या वर्गात भूगोल चालला होता. मी विचारलं, ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती? कुणाला येईना. उलट पिसा नावाची चुणचुणीत पोर उठून मलाच विचारते, "बाई, ऑस्ट्रेलियाचा फालेतोई कोण?" मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, पोरीला वाटतं की प्रत्येक देशाला एक फालेतोई असतो. मी हसले, आणि हसता हसता थांबले. तिच्या आईला तरी दुसरा कुठला पंतप्रधान आठवतो? मला तरी? मी दुसरीत होते तेव्हापासून तेच! आणि आपल्या बेटाला मिळालं काय? बोटी लागायचा एक धक्का, ज्याचं उद्घाटन मामांनी तीनदा केलं. डॉक्टर अजून पंधरवड्याला बोटीने येतो, तोही समुद्राची मर्जी असेल तर.

आता वाईट बातमी. गावच्या बैठकीत थोरल्या मानकऱ्याने, ताविताने, सगळ्यांसमोर सांगितलं, "जिंकलीस तर गावाची मान ताठ. हरलीस तर मामांच्या डोळ्यांत आपलं गाव कायमचं खुपेल. मग घर बंद करून निघायचं. आठवतो ना तो एलिसाला, ८४ साली मामांसमोर हरून बेट सोडून गेला? तसं." घर बंद म्हणजे अंगणातली बाबांची कबरही सोडून जायचं. इओसुआ, तुझा दाजी, जाळं सांधत बसला होता. तो म्हणाला, "कबर उचलून नेता येत नाही, तेउइला." मग गाठ मारून म्हणाला, "म्हणजे हरायचं नाही."

मतदान २४ एप्रिलला. फोन करू नकोस. पोस्टातली सिमी ऐकते आणि गावभर करते. पत्रच लिही. घाईत लिहितेय, अक्षर वाचता येतंय ना?

तुझी,
तेउइला ताई


लोगन, ब्रिस्बेन
१६ फेब्रुवारी

ताई,

तुला वेड लागलंय का?

मी पत्र बसूनच वाचलं, तरी पडायची वेळ आली. पेनीला वाचून दाखवलं तर हा माझा नवरा आनंदाने ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगून आला. आता लोगनमधलं आपलं अख्खं चर्च मला विचारतंय, "तुझी ताई खरंच उभी राहतेय?" मी हो म्हणते तेव्हा माझी मान ताठ होते आणि तिथून पळून जावंसं वाटतं. दोन्ही एकदम.

पण ताई, एलिसालाला विसरलीस? ८४ साली त्याने काय कमी केलं होतं? प्रत्येक दारी गेला. प्रत्येकाने हो म्हटलं. जमिनीतली भट्टी तीन दिवस विझली नाही. सगळ्या बेटाने त्याचं डुक्कर खाल्लं, त्याचे तारोचे कंद खाल्ले, हात हातात घेऊन वचन दिलं. आणि मतं किती पडली? सात! त्यानंतर दोन निवडणुका मामांसमोर उभं राहायला कुणी धजावलं नाही.

कुणाच्या होकारावर विसंबू नकोस. आपली माणसं जेवतात एकाकडे आणि मत देतात दुसऱ्याला. का देतात ते विचारू नकोस, मी त्यावर लिहिणार नाही. अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती, तेवढं कळव.

सोबत निळं कापड पाठवतेय. निवडणुकीसाठी नाही. असंच.

इओसुआ दाजींना सांग, त्यांचंही डोकं ठिकाणावर नाही.

तुझी,
सेले


वाइतोआ
५ मार्च

सेले माझी बाई,

कापड मिळालं, झगा शिवला, आणि तोच घालून प्रचार चालू आहे! अर्ज मागे घ्यायची तारीख गेली. आता तू कितीही आदळआपट कर.

अगं, काय सांगू तुला! चारही गावं पायाखाली घातली. एकही घर नाही म्हणालं नाही. एकही! लोसा मावशीकडे गेले तर मला बोलूच देईना. "मत तुला नाही तर काय त्या म्हाताऱ्याला देऊ? त्याने धक्का बांधलाय, त्यावर जाऊन बस म्हणावं. तू आधी जेव." नीरफणस भाजून समोर ठेवला, वर नारळाचं दूध. उत्तरेच्या गावातले कोळी, ज्यांच्याशी इओसुआ दहा वर्षं बोलत नव्हता, त्यांनीही हात धरून सांगितलं, "बाई, या खेपेला तुम्हीच." पाळकबुवा तेवढे म्हणाले, "देव ठरवेल." पण ते जेवणातल्या मिठाबद्दलही असंच म्हणतात.

आणि ऐक. स्वतः मामा आले! बोटीतून उतरून थेट आपल्या घरी. ना बँड, ना शिपाई. हातात काठी आणि बीफचे दोन डबे. गुडघे फार दुखतात त्यांचे, ओट्यावर चढताना इओसुआने हात दिला. केवड्याच्या चटईवर टेकले आणि म्हणतात,

"काय गं मास्तरीणबाई, मला घरी बसवणार म्हणे?"

"बसा ना मामा. त्यासाठीच चटई टाकलीय."

असे हसले की ठसका लागला. मग एक डबा पुढे सरकवला. "हा आजचा. दुसरा तू हरल्यावर. प्रवासात लागेल."

"तो तुमच्याकडेच ठेवा. परतीच्या बोटीत तुम्हालाच भूक लागेल."

"जीभ अगदी तुझ्या आईची! पण एक सांगतो, तेउइला. पस्तीस वर्षांत मला कुणी एकदाही 'आता पुरे' म्हटलं नाही. एकानेही नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"दर पाच वर्षांनी विचारतो की. निवडणूक लावून."

जाताना तुझी चौकशी केली. "सेले कशी आहे? मऊ मनाची पोर," म्हणाले. माणूस गोड आहे गं. हीच तर पंचाईत आहे. पण गोड माणसाला किती दिवस चघळायचं?

मोजून बघितलं. बेटावर तीनशे बारा मतं, त्यातली निदान अडीचशे माझी. मी जिंकतेय, सेले!

तुझी,
ताई


लोगन
१८ मार्च

ताई,

एकही घर नाही म्हणालं नाही, हे वाचल्यापासून मला झोप नाही. हीच भीती होती. आता मला सांगावंच लागेल. पत्र वाचून झाल्यावर माझं तोंड बघायचं की नाही ते तू ठरव.

८४ साली मीही एलिसालाचं जेवण जेवले. त्याच्या बायकोने, फियाफियाने, माझ्या गळ्यात फुलांची माळ घातली. मी तिला म्हटलं, "माझं मत तुमचंच." खोटं नव्हतं गं ते. खरंच त्यालाच द्यायचं होतं. मतदानाच्या सकाळी शाळेत पडद्यामागे गेले, हातात पेन्सिल, समोर कागदावर एलिसालाची होडी आणि मामांचा नारळ. आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? सगळं बेट आज एलिसालाला मत देणार. मग मामांना शून्य! स्वतःच्या बेटावर शून्य. रविवारी चर्चमध्ये ते पहिल्या बाकावर कसे बसतील? मामी तोंड कुठे लपवेल? शर्यतीत मागे पडलेल्या होडीलासुद्धा आपण एकटी सोडत नाही, कुणीतरी वल्ही संथ करून तिच्यासोबत येतंच. मी म्हटलं, एलिसाला जिंकतोच आहे, माझ्या एका मताने त्याचं काय जातंय? बिचाऱ्या मामांना निदान एक तरी असू दे.

आणि मी नारळावर फुली मारली.

संध्याकाळी एलिसालाला सात मतं निघाली. फियाफियाने आमच्या प्रत्येकीकडे एकदा बघितलं. ते बोटीत बसले तेव्हा मी हात हलवला, तिने हलवला नाही. दोन वर्षांनी मी इथे आले. सगळ्यांना वाटतं, कामासाठी आले. मी त्या रिकाम्या ओट्यावरून रोज जायला नको म्हणून आले, ताई. पंधरा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, पेनीलाही नाही.

माझ्यासारखी एक जरी हळवी मूर्ख त्या बेटावर असेल तर तुझे अडीचशे धरून चालू नकोस. मला माफ कर.

सेले


वाइतोआ
३१ मार्च

सेले! सेले! सेले!

मी पण!

देवाशपथ, मी पण! तुझं पत्र वाचताना मी चुलीपुढे उभी होते, माशाचा कोळसा झाला तरी कळलं नाही. ८४ साली मी तुझ्यापुढे रांगेत होते, आठवतं? त्याच पडद्यामागे, त्याच पेन्सिलीने मीही नारळावरच फुली मारली. कारण तेच! शब्दसुद्धा तेच! "बिचाऱ्या मामांना निदान एक तरी." पंधरा वर्षं मला वाटत होतं की एलिसालाचा घात करणारी बेटावर मी एकटी. तू तिकडे रडत होतीस, मी इकडे. दोघी बहिणी एका चटईवर वाढलो आणि एकमेकींना बोललो नाही!

मी धावत इओसुआकडे गेले. तो होडीला डांबर फासत होता. म्हटलं, "खरं सांग, ८४ साली मत कुणाला दिलंस?" तो डांबराकडे बघत राहिला. मग म्हणतो, "मामांना कुणीच देणार नव्हतं ना." मी तिथेच वाळूत फतकल मारून हसत सुटले. त्याला वाटलं, निवडणुकीने माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी चटया विणायच्या घरात गेले. पंधरा बायका केवड्याच्या पट्ट्या सोलत बसल्या होत्या. मी उभी राहून आधी माझं सांगितलं, मग तुझं. (रागावू नकोस. सांगावंच लागलं.) आणि मग कोपऱ्यातून लोसा मावशी खाकरली.

"मीसुद्धा दिलं," ती म्हणाली. "त्या मेल्याचा मला राग येतो. पण शून्य म्हणजे फारच झालं."

मग एकेक बांध फुटला! "मी पण." "माझ्या नवऱ्याने पण." "मी तर एलिसालाची सख्खी मावसबहीण." कुणी रडतेय, कुणी पोट धरून हसतेय. म्हणजे बघ, सगळं बेट त्यांना काढायला निघालं होतं आणि सगळ्या बेटाने भिडेखातर त्यांनाच बसवलं!

मी विचारलं, "आणि या खेपेला? मला हो म्हणालात, त्यातल्या कितीजणी पडद्यामागे नारळाला मत देणार होतात?" पंधराच्या पंधरा माना खाली. लोसा मावशीचीसुद्धा! नीरफणस खाऊ घालून वर हे! माझ्या पायाखालची चटई सरकली, सेले. अडीचशे धरून बसले होते, पदरात सातच पडणार होती. बाबांची कबर डोळ्यांसमोर आली.

मग उपाय शोधायला बसलो. असं ठरायला लागलं की मामांना एक मत द्यायला एकीलाच नेमू, म्हणजे बाकीच्यांचा जीव मोकळा. तर त्या मानासाठीच भांडणं! तेवढ्यात लोसा मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं गाढवींनो, ही बया स्वतःला मत देणार आहे का?"

मी म्हटलं, "शी! काहीतरीच काय?" स्वतःला मत द्यायचं म्हणजे पंगतीत स्वतःच उठून स्वतःच्या पानात वाढून घ्यायचं. आजवर कुठल्या मानकऱ्याने असं केलंय?

"मग तुझं मत कुणाला जाणार?"

"अर्थातच माम—"

माझं तोंड उघडंच राहिलं. कळलं तुला? मामांना शून्य कधी पडूच शकत नव्हतं! समोर उभ्या असलेल्या माणसाचं मत पहिल्यापासून त्यांनाच जात होतं! एलिसालाचंही त्यांनाच गेलं असणार. आणि हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही!

आता प्रचार कसा चाललाय ऐक. मी दारोदार जाऊन एवढंच सांगते, "माझं मत मामांना आहे, तुम्ही काळजी करू नका." लोक क्षणभर बघत राहतात. मग डोळे मोठे होतात. मग हसू येतं. काल एक म्हातारा कोळी तर माझा हात सोडेचना. म्हणे, "बाई, पस्तीस वर्षांचं ओझं उतरवलंत."

आणि तुझं तोंड? या निवडणुकीत मला सर्वांत मोठी मदत त्याच तोंडाने केलीय.

तुझी,
ताई


लोगन
११ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, आणि आलं नाही ते बरंच. आज चर्चनंतर आपल्या लोकांच्या रेडिओवर राजधानीची बातमी ऐकली. "विरोधी उमेदवार तेउइलाबाई यांनी आपलं मत पंतप्रधानांनाच देणार असल्याचं जाहीर केलं." सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. पेनी म्हणाला, दुसरी कुणी तेउइला असेल.

शरण गेलीस? घरासाठी? मग आधी सांगायचं होतंस, मी माझं पंधरा वर्षांचं दुखणं तुझ्यापुढे कशाला उघडं केलं असतं? मामांनी तो दुसरा डबाही दिला का गं?

सेले

ता. क. १३ एप्रिल. हे पत्र टाकायला निघाले आणि पेटीत तुझं सापडलं. रस्त्यावरच वाचलं. बसथांब्यावर इतक्या मोठ्याने हसले की एका बाईने पाण्याची बाटली पुढे केली. मग रडू आलं, तेव्हा तिने रुमाल दिला. वरचं सगळं खोडायला वेळ नाही, तसंच पाठवते. तूही बघ, तुझी बहीण तुझ्याबद्दल किती पटकन वाईट विचार करते.

तू पण! दाजी पण! लोसा मावशी पण! मला एकटीलाच पाप लागलं नव्हतं. आज पंधरा वर्षांनी मला भूक लागलीय, ताई. पेनीला सांगितलं, घरात असेल ते सगळं शिजव.

जिंक. जिंक. जिंक.


वाइतोआ
२६ एप्रिल

सेले,

जिंकले!!!

सिमीने राजधानीला निकाल सांगितला तो तू रेडिओवर ऐकलाच असशील. पण निकाल ऐकणं वेगळं आणि त्या खोलीत असणं वेगळं. मतमोजणी माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यावर. ताविता एकेक चिठ्ठी उघडून दाखवायचा आणि मदतनीस मास्तर खडूने रेघ ओढायचे. मामा पहिल्या बाकावर, मी दुसऱ्या. खिडक्यांत माणसं लोंबकळत होती. पहिल्या तीन चिठ्ठ्या नारळ, नारळ, नारळ. म्हटलं, गेलं घर. इओसुआ दाराशी उभा होता, त्याने टोपी काढली. चौथी होडी, म्हणजे माझी. पाचवी होडी. मग होडी, होडी, होडी! मास्तरांचा खडू तुटला. लोसा मावशी खिडकीतून ओरडली, "नवीन घ्या, आमच्याकडून घ्या!"

मामा एकशे एकवीस. मी एकशे एकोणनव्वद. दोन चिठ्ठ्या बाद, कारण त्यांवर दोघांच्याही चित्रांवर फुल्या होत्या. कुणाची तरी भीड अजून गेली नाही! माझं बेट त्या संध्याकाळी जागं झालं, सेले. ढोल, नाच, पाळकबुवासुद्धा म्हणाले, "देवाने ठरवलं!" ताविता सगळ्यांसमोर आपल्या अंगणात आला, बाबांच्या कबरीवर माळ ठेवली आणि म्हणाला, "घर इथेच राहील."

गर्दी पांगल्यावर मामा शाळेच्या पायऱ्यांवर एकटेच बसलेले दिसले. मी जाऊन शेजारी बसले.

"माझं मत तुला होतं," ते म्हणाले.

"माझं तुम्हाला."

"ते रेडिओवर कळलं." हसले. मग काठीने वाळूत रेघा ओढत म्हणाले, "एलिसालाच्या सातातही एक माझं होतं. स्वतःला कसं देणार? मी तर ८४ सालीच थांबणार होतो, तेउइला. गुडघे तेव्हापासूनच गेलेत. पण पेटी उघडली, एवढी मतं! लोकांनी एवढ्या प्रेमाने दिलेलं, नको कसं म्हणायचं?"

खरं की थाप, देव जाणे. या माणसाने पस्तीस वर्षं राज्य केलंय, त्याला रडताही येतं आणि रडवताही. पण मला राहवलं नाही. "आणि डॉक्टर, मामा? तोही भिडेखातरच आणला नाहीत?"

त्यांनी काठी थांबवली. "मी दर वेळी विचारायचो, सगळं ठीक ना? सगळे म्हणायचे, हो मामा, सगळं छान. मला ते ऐकायला आवडायचं." मग हळूच म्हणाले, "चूक झाली." मी त्यांना धक्क्यापर्यंत हात धरून नेलं. तिकडे राजधानीत त्यांच्या खुर्चीवरून आता चौघांचं भांडण लागलंय. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. माझ्या बेटावर कायमचा डॉक्टर येईपर्यंत मी त्या सभागृहात कुणालाही झोपू देणार नाही.

हे सगळं आनंदाचं. आता जे मी इओसुआलाही नीट सांगितलं नाही, ते तुला सांगते. काल दिवसभर लोक येत होते. तारो, मासे, चटया. मी काहीही बोलले तरी "हो बाई, छान बाई." मला कसंसंच व्हायला लागलं. म्हणून मुद्दाम म्हटलं, "मला वाटतं, धक्क्याचं आणखी एकदा उद्घाटन करावं." सेले, एकही माणूस हसला नाही. ताविता म्हणाला, "वा! बँड मी आणतो."

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पस्तीस वर्षांपूर्वी मामांचंही असंच सुरू झालं असेल ना? एका चांगल्या दिवसापासून? माझ्या बेटाला 'नाही' म्हणता येत नाही, आणि मला 'नाही' ऐकायची सवय राहिली नाही तर? सगळ्या जगात मला तोंडावर "वेड लागलंय का" विचारणारी तू एकटी आहेस. तू परत ये. पेनीला घेऊन ये. मतदारयादीत नाव घाल. मी चुकले की सांग, आणि पाच वर्षांनी गरज पडली तर मत माझ्या विरुद्ध दे, पण आधी मला सांगून दे.

येशील?

तुझी,
ताई


लोगन
६ मे

ताई,

आम्ही इथे रेडिओभोवती चाळीस जण होतो. निकाल लागला तेव्हा पेनीने मला उचललं आणि त्याची पाठ धरली. तो अजून वाकून चालतो आणि सगळ्यांना अभिमानाने कारण सांगतो.

वृद्धाश्रमात राजीनामा दिला. आजोबा लोक रुसलेत. आम्ही थेट येणार नाही, आधी ऑकलंडला उतरणार. एलिसाला आणि फियाफिया तिथे असतात, पत्ता मिळालाय. मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचंय. ती ऐकून घेईल की दार लावेल, माहीत नाही. तरी जाणार.

आणि तुझं काम मी आजपासूनच सुरू करते. तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. फेब्रुवारीत तू "आपल्या बेटाला" असं लिहिलं होतंस. या पत्रात "माझं बेट", "माझ्या बेटावर", "माझ्या बेटाला". तीनदा. जिंकून दोन दिवससुद्धा झाले नव्हते.

ताई, बेट तुझं नाही.

विमान पंचवीस तारखेला, मंगळवारी राजधानीत उतरतं. बँड आणू नकोस. एकटी ये.

सेले